जिम कॉर्बेट आणि त्यांची हलकी रायफल

(द्वितीय वर्ष, कला)

शिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. पिळदार मिशा, डोक्यावर साहेबी टोपी, मेलेल्या वाघाच्या पाठीवर एक पाय आणि हातात तोफेची धाकटी बहीण शोभेल अशी भलीमोठी बंदूक! राजेरजवाड्यांच्या वाड्यांतून टांगलेल्या जुन्या छायाचित्रांनी हे चित्र आपल्या मनात पक्के करून ठेवले आहे. जिम कॉर्बेट यांचे नाव ऐकले की पुष्कळांना हेच चित्र आठवते. प्रत्यक्षात कुमाऊंच्या डोंगरांत पायी हिंडणाऱ्या या गृहस्थाच्या हाती बहुतेक वेळा असे ती एक साधी, सडपातळ, हलकी रायफल. एवढ्याशा हत्याराच्या भरवशावर त्यांनी नरभक्षकांचा पाठलाग का केला, हा प्रश्न त्यांची पुस्तके वाचताना माझ्या मनात सारखा येत राहिला. या लेखात त्यांचे चरित्र त्या रायफलीच्या अंगाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. घरात मुलांचा मोठा खटला आणि मिळकत बेताची. जिम सहा वर्षांचे असतानाच वडील वारले व सारा भार आईवर येऊन पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी येथील घरी, असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या घरामागेच रान सुरू होई. जिमची खरी शाळा तीच! पक्ष्याच्या एका आवाजावरून वाघ कोणत्या बाजूने चालला आहे हे ओळखण्याची विद्या त्यांनी तेथे मिळवली. तिचे प्रमाणपत्र कोणतेही विद्यापीठ देत नाही.

हत्यारांच्या बाबतीतही त्यांनी अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. प्रथम बेचकी, मग धनुष्य आणि त्यानंतर एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक. या बंदुकीची एक नळी फुटलेली होती, म्हणजे नावाला दुनळी असली तरी कामाची एकनळीच. दस्ता आणि नळ्या पितळेच्या तारेने एकमेकांना बांधून ठेवलेल्या. आमच्या आजोबांकडे अशीच एक ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली. रानडुकरे भातात उतरली की ती खांद्यावर टाकून ते रात्रभर बांधावर फिरत. दारू ठासायची, वर गोळी ठासायची, मग टोपी चढवायची आणि एवढे सगळे करून एकच बार! तो वाया गेला की डुक्कर काही पुढच्या बाराची वाट पाहत थांबत नाही. त्यामुळे तारेने बांधलेल्या त्या बंदुकीवर शिकलेल्या मुलाला एकेका बाराची किंमत कशी कळली असेल, हे मला समजू शकते.

शाळेच्या कॅडेट तुकडीतून त्यांना पुढे मार्टिनी जातीची ४५० बोअरची रायफल वापरायला मिळाली. ही रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी आणि खांद्याला जबर धक्का देणारी. लहान वयातच तिने त्यांनी पहिला बिबळ्या मारला. कॉलेजचे शिक्षण मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि पुढे वीसएक वर्षे गंगाकाठच्या मोकामा घाटावर ब्रॉडगेजच्या डब्यांतील माल मीटरगेजच्या डब्यांत चढवण्याचे कंत्राटी काम हमालांकडून करून घेतले. प्रसंगी स्वतःही टोपले उचलले. हा काळ फार वाचनीय आहे, पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध थोडा. सुटी काढून नरभक्षकामागे जाणारा हा माणूस धंदेवाईक शिकारी नव्हता, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचे प्रकरण घडले. नेपाळात सुमारे २०० आणि नंतर कुमाऊंत २३६ माणसे, अशी एकंदर ४३६ माणसे या वाघिणीने मारल्याची नोंद आहे. गवत कापायला, लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायका तिच्या तावडीत सर्वांत जास्त सापडत. गावेच्या गावे दारे लावून घरात बसली. कॉर्बेट यांनी जाण्यापूर्वी दोन अटी घातल्या. सरकारने लावलेले बक्षीस रद्द करावे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना तेथून परत बोलवावे. बक्षिसासाठी मारणारा अशी आपली गणना होऊ नये ही पहिलीमागची भावना. दुसरीमागे मात्र झाडीत चुकून दुसऱ्याची गोळी आपल्यालाच लागू नये हा रोखठोक व्यवहार!

शेवटच्या दिवशी गावकऱ्यांनी हाका घातला तेव्हा कॉर्बेट यांच्यापाशी मोठ्या बोअरची रायफल होती आणि काडतुसे मात्र अवघी तीन. तिन्ही उडाली, वाघीण जखमी झाली, पण उभीच होती. तेव्हा कॉर्बेट रिकामी रायफल घेऊन तहसीलदारांकडे धावले आणि त्यांची जुनी बंदूक मागून घेऊन परत आले. ती बंदूक इतकी खिळखिळी होती की नळ्या आणि मागचा भाग यांमध्ये बोटभर फट दिसत होती. तिची गोळी नेमावर न लागता वाघिणीच्या पंजाला लागली. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनी आपले काम केलेले होते.

वाघीण मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे, दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. पूर्वी कधीतरी कुणीतरी मारलेल्या गोळीचा तो परिणाम होता. सुळे गेल्यामुळे तिला नेहमीची शिकार साधेना आणि ती माणसांकडे वळली. म्हणजे कुणा एका हौशी माणसाने ओझरती गोळी मारली, जनावर जखमी होऊन निसटले, तो बहुधा घरी जाऊन जेवला, झोपला आणि त्याची किंमत दोन देशांतल्या ४३६ घरांनी मोजली. कोणती बंदूक घ्यावी, किती अंतरावरून झाडावी, नेम बसेल का, हे प्रश्न मला येथून पुढे नुसते हौसेचे वाटेनासे झाले.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. हीच ती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची २७५ बोअरची बोल्ट अॅक्शन रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवून चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे पहिल्यांदा ती त्यांनी निवडली नव्हती, ती त्यांच्याकडे चालून आली. पुढे मोठमोठी हत्यारे घेण्याची ऐपत आल्यावरही ते वारंवार तीच खांद्याला लावून निघत. निवड म्हणायची ती ही.

ज्यांनी बोल्ट अॅक्शन रायफल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दाराच्या कडीसारखा एक पोलादी दांडा नळीच्या मागच्या तोंडाशी बसवलेला असतो, तो बोल्ट. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत शिरते आणि मूठ खाली दाबली की कडी बंद होते. ही युक्ती पक्की करण्याचे श्रेय जर्मनीच्या पाउल माउझर यांना जाते. रिग्बी कंपनी माउझरचीच यंत्रणा घेऊन तिच्यावर आपली नळी आणि दस्ता चढवीत असे. अशा रायफलीचे वजन सव्वातीन किलोच्या आसपास भरते. उलट कॉर्बेट यांच्याकडे जेफरी कंपनीची ४५०-४०० बोअरची दुनळी रायफलही होती. या जातीची हत्यारे पाच किलोच्या घरात जातात. फरक दीड-पावणेदोन किलोचा. कागदावर काहीच नाही! पण पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कुमाऊंच्या चढावावर, पोटात धड अन्न नसताना, सुरक्षिततेसाठी खांद्यावर न टाकता सतत हातात धरून चालायचे असले म्हणजे या दीड किलोचे काय होते ते हमाली केलेल्या माणसाला विचारावे. दमलेला हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताला मोठी गोळी काय आणि लहान काय!

हलकेपणाची दुसरी बाजूही आहे. २७५ची गोळी सुमारे नऊ ग्रॅमची, तर ४५०-४००ची सव्वीस ग्रॅमची. जड गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी जनावराला हादरवून खाली बसवते. लहान गोळीला तशी सवलत नाही. ती मेंदूत, मानेत किंवा काळजात गेली पाहिजे. त्याच सुमारास आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा एक स्कॉटिश शिकारी याच २७५ बोअरच्या रायफलीने हत्ती मारीत होता. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो याचा त्याने इतका अभ्यास केला होता की त्याला मोठ्या गोळीची गरज वाटत नसे. बेलने हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती मारले. त्या संहाराचे कौतुक मला तरी करवत नाही. परंतु हलके हत्यार घेणाऱ्याने जनावराच्या शरीराची माहिती अधिक करून घेतली पाहिजे आणि त्याच्या अधिक जवळ गेले पाहिजे, हे त्याच्या उदाहरणावरूनही दिसते. जवळ जाणे म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावणे. जड बंदूक शिकाऱ्याला थोडी चूक माफ करते. हलकी बंदूक घेणारा ती माफी आधीच परत करून टाकतो.

आता दुर्बिणीविषयी. आजकाल रायफल म्हटली की तिच्यावर दुर्बीण असणारच, असे आपण सिनेमात पाहतो. कॉर्बेट मात्र नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांवरच नेम धरीत. याला कुणी जुनाटपणा म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. दुर्बीण दूरचे जनावर जवळ आणते हे खरे, पण त्याच मापाने भोवतालचे रान दृष्टीआड करते. चौपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा जेमतेम तीस फूट रुंदीचा तुकडा दिसतो. दहा-वीस पावलांवरच्या झुडपात तर केवळ पट्टेच पट्टे दिसतील आणि तोंड कोठे, शेपटी कोठे हे कळायच्या आत सर्व संपलेले असेल. शिवाय तिचे नि तिच्या पकडीचे मिळून अर्धा-पाऊण किलो वजन नळीच्या वर चढते. म्हणजे हलकी रायफल निवडून जे मिळवले त्यातले निम्मे तेथेच गेले. अमेरिकेत मात्र वेगळा प्रकार. जॅक ओ'कॉनर (१९०२–१९७८) हे तेथील प्रसिद्ध शिकारी-लेखक. उघड्या डोंगरउतारांवर रानमेंढ्यांच्या मागे जाताना हलकी बोल्ट अॅक्शन रायफल, २७० बोअर आणि तिच्यावर चौपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण, असा त्यांचा आग्रह असे. दोनशे-तीनशे यार्डांवरून, मध्ये आडोसा नसताना नेम धरायचा तर ती हवीच. तेथे दुर्बीण नसलेला शिकारी जनावराला जखमी करून सोडण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे दुर्बीण चांगली की वाईट असा वाद घालण्यात अर्थ नाही. रान कोणते आणि अंतर किती, हे आधी विचारावे लागते.

कॉर्बेट यांची खरी अडचण अंतराची नव्हतीच, ती अंधाराची होती. १९१० साली पनारच्या बिबळ्यासाठी ते रात्री झाडावर बसले तेव्हा त्यांनी रायफल बाजूला ठेवून छर्ऱ्याची बंदूक घेतली, कारण काळोखात माशी दिसत नाही. रुद्रप्रयागच्या बिबळ्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. बदरी-केदारच्या वाटेवरचे यात्रेकरू त्याच्या भीतीने दिवस मावळायच्या आत धर्मशाळेत शिरत. त्याच्यासाठी कॉर्बेट गुलाबराई येथील आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसले. खाली गळ्यात घुंगूर बांधलेली शेळी. रायफल तीच हलकी, पण या खेपेस तिला विजेची बॅटरी जोडलेली. १९२६च्या मे महिन्यातील एका रात्री घुंगूर वाजला. त्यांनी बटण दाबले, उजेडाच्या रेषेत बिबळ्याचा खांदा दिसला, माशी त्यावर टेकली आणि चाप ओढला. त्यानंतर बॅटरी जी विझली ती विझलीच! गोळी लागली की नाही हे कळायला पहाट व्हावी लागली. ज्या बिबळ्याला लोक भूत-पिशाच्च मानीत होते तो एक म्हातारा, झिजल्या दातांचा प्राणी निघाला.

परंतु या रायफलीच्या हलकेपणाची खरी कसोटी लागली ती ११ एप्रिल १९३० रोजी, चौगढच्या वाघिणीपुढे. पाच वर्षांत ६४ बळी या वाघिणीच्या नावावर होते. त्या दिवशी कॉर्बेट दोन माणसांना बरोबर घेऊन एका ओढ्याच्या पात्रातून चालले होते. वाटेत रातव्या पक्ष्याची दोन अंडी दिसली. अंडी जमवण्याचा त्यांना लहानपणापासून नाद. नरभक्षक आसपास असतानाही त्यांना मोह आवरला नाही! अंडी शेवाळात गुंडाळून त्यांनी डाव्या हातात घेतली. त्यामुळे रायफल राहिली एकट्या उजव्या हातात, छातीवर तिरकी धरलेली. पुढे एका मोठ्या शिळेला वळसा घालून ते गेले आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहतात तो वाघीण थेट समोर! अंतर आठ फूट. तिने पुढचे पाय पसरलेले, मागचे अंगाखाली घेतलेले.

रायफलीचे तोंड दुसऱ्याच दिशेला होते. वाघिणीवर रोखण्यासाठी ते जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवायला हवे होते. झटकन हालचाल केली तर ती झेप घेणार, हे उघड. कॉर्बेट यांनी एकाच हाताने, दिसेल न दिसेल अशा मंद गतीने रायफल फिरवायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांवरची नजर हलवली नाही. हात पूर्ण लांब झाला, दुखू लागला, तरी फिरणे थांबले नाही. त्या वेळी ना माशी पाहिली, ना खाच. तोंड तिच्या अंगावर आल्याचे वाटताच चाप ओढला. वाघिणीचे डोके हळूहळू पंजांवर टेकले.

पुढे या प्रसंगाविषयी लिहिताना त्यांनी आपल्या वाचण्याची तीन कारणे दिली आहेत. हातातली अंडी, हलकी रायफल आणि वाघिणीचे नरभक्षक असणे. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते आणि त्यांनी सहजप्रवृत्तीने गर्रकन वळून पाहिले असते. वाघीण नरभक्षक नसती तर वाट अडलेली पाहून तिने त्यांना झटकून निघून जाण्यासाठी उडी घेतली असती. आणि पाच किलोची दुनळी असती तर ती एका हाताने, न थरथरता, इतक्या सावकाश फिरवणे अशक्यच होते. हा सगळा भाग मी वसतिगृहात रात्री वाचला, आणि वाचता वाचता जवळचा जाडा इंग्रजी शब्दकोश एका हाताने लांब धरून पाहिला. मिनिटभरातच खांदा भरून आला. शब्दकोश दीड किलोचाही नसेल.

म्हणून कॉर्बेट यांनी जड रायफल टाकून दिली असे समजू नये. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी ठाकच्या वाघिणीसमोर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांच्या हातात ४५०-४००ची दुनळीच होती. संध्याकाळ झालेली, नराच्या आवाजाची नक्कल करून वाघिणीला बोलावून घेतलेले, गोळी झाडण्यास क्षण-दोन क्षणांचीच सवड. अशा वेळी दुनळीचा दुसरा बार तत्काळ मिळतो, बोल्ट ओढण्यात वेळ जात नाही. त्या रायफलीच्या धक्क्याने ते बसल्या जागेवरून खाली घसरून आपल्याच माणसांवर जाऊन पडले! दिवसभर चालायचे तेव्हा हलकी आणि बसून वाट पाहायची तेव्हा जड, असा त्यांचा साधा हिशेब असावा असे मला दिसते.

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन हे त्या काळी रात्रीच्या जंगलात कॅमेरे लावून वाघांची छायाचित्रे घेत. त्यांच्या प्रभावाने कॉर्बेट यांच्या हातात रायफलीऐवजी सिनेकॅमेरा अधिक दिसू लागला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजत, तर त्यांनी ओढ्यात लहान लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट निर्माण केला आणि त्याच्या आवाजात वाघांचे चित्रण केले. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. त्या उद्यानाला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि १ एप्रिल १९७३ रोजी तेथूनच व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या गावची जमीन विकत घेऊन त्यांनी तेथे कुळे वसवली होती. तेथील एका शेतकऱ्याला त्यांनी पिकांच्या राखणीसाठी एकनळी बंदूक दिली होती. हे वाचून मला आमच्या आजोबांची बंदूक पुन्हा आठवली.

साम्राज्याच्या छत्राखाली वाढलेला हा माणूस. हत्यार बाळगण्याचा जो हक्क त्याला सहज मिळाला तो त्याच डोंगरातल्या शेकडो शेतकऱ्यांना मिळत नव्हता, आणि म्हणूनच त्यांना त्याची वाट पाहत दारे लावून बसावे लागले. हे विसरून त्याचे चरित्र लिहिता येणार नाही. पण एवढे म्हणूनही, बक्षीस नाकारून त्यांच्यासाठी तो पायी आला हे शिल्लक राहतेच.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी मुंबईहून बोटीने आफ्रिकेला गेले व केनियातील न्येरी येथे राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. रिग्बीची ती रायफल त्यांनी आपल्या प्रकाशकांकडे दिली होती. १९४४ साली ज्यांनी मुंबईहून त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक काढले तेच हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस. पुढे अनेक वर्षांनी रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झालेली असल्यामुळे येथे तिला आता काही काम नव्हते. तरी २०१६ साली ती एकदा कुमाऊंत आणण्यात आली आणि छोटी हल्द्वानीच्या गावकऱ्यांनी ती जवळून पाहिली. दस्त्यावरची चांदीची पट्टी अजून जागेवर आहे.